आधी आप्पांचं सांग

धाकट्या,

तुला नि तुझ्या बायकोला ताईचा आशीर्वाद. मी बरी आहे, वेळेवर जेवते.

आता तुझं ते रोज फोन करणं बंद कर. आई गेल्याचा फोन केलास तेव्हा मी लाँड्रीत इस्त्री करत होते. तेव्हापासून फोन वाजला की छातीत धडधडतं, हात गार पडतात. काल तू नुसतं ‘जेवलीस का’ विचारायला फोन केलास आणि इकडे चादर जळाली. मालकीण ओरडली, ‘बाई, लक्ष कुठंय?’

डॉक्टरीण म्हणते, छाती ठणठणीत आहे, हे दुःखानं होतं, लांब श्वास घ्या. घेते. श्वास घेऊन घेऊन वैताग आलाय.

तेव्हा पत्र टाकत जा. आप्पा जेवतात का? आईच्या खाटेवर कुणाला बसू देतात का? त्यांना काही झालं तरच फोन कर.

नको. मग तर फोन वाजला की माझा जीवच जाईल. करत जा बाबा रोज फोन, पण माझं दिवसाचं काम संपल्यावर. आणि मी उचलला की आधी ‘आप्पा बरे आहेत’ म्हण, मग माझं जेवण विचार.

तुझी वैतागलेली,
ताई