ताईला सांगितलेलं औषध

३ फेब्रुवारी
अडवल्या! लॅबमध्ये काचेवर रक्तवाहिनीचं अस्तर वाढवलं होतं. त्यावरून कॅन्सरच्या पेशी घरंगळत आल्या, चिकटल्या — आणि तिथेच राहिल्या. एरवी अस्तरातली फट रुंद करून पलीकडे निसटतात. तशाच तर शरीरभर पसरतात. आपल्या औषधाने फट उघडूच दिली नाही.
राहवलं नाही, ताईला फोन लावला. तिचा कॅन्सर फुप्फुसापर्यंत गेलाय.
"म्हणजे दार बंद?" तिने विचारलं. मी हो म्हणून बसले.

७ फेब्रुवारी
भावजींकडून कळलं — ताईने पुढची केमो नाकारली. धाकटीचं औषध येतंय, तोवर थांबते म्हणाली. किती कौतुकाने सांगत होते ते! औषध बाजारात यायला, तेही आलंच तर, वर्षं जातील. त्या दिवशी फोनवर मी हे का नाही बोलले? शाबासकी हवी होती मला. आजारी बहिणीकडून.

८ फेब्रुवारी
लॅबच्या मॅडमनी प्रयोग पुन्हा करायला लावला. औषध घातलं, तरी पेशी आरामात पलीकडे गेल्या. मागच्या खेपेच्या पेशी आधीच मरायला टेकलेल्या होत्या, म्हणून हलल्या नव्हत्या. औषधाचा काही संबंध नाही. मॅडम रागावल्या नाहीत. होतं असं, म्हणाल्या. त्यांना ताईचं ठाऊक नाही. बेसिनपाशी जाऊन कितीतरी वेळ तोंडावर पाणी मारत राहिले.

९ फेब्रुवारी
फोन हातात घेतला. ठेवला.

१० फेब्रुवारी
सांगायचंच ठरवून ताईकडे गेले. भावजींनी शेजारणीला माझी ओळख करून दिली — हीच ती, औषधवाली. तोंड लपवायला जागा नव्हती. चहा अर्धा टाकून पळाले.

१२ फेब्रुवारी
आज ताई एकटी होती. सगळं सांगून टाकलं. रडले. ती उशीचा अभ्रा सारखा करत ऐकत होती. मग म्हणाली, "अगं, तुझ्या औषधासाठी नाही थांबवली मी केमो. दमले. ते ह्यांना कसं सांगायचं, तेच सुचत नव्हतं. तुझ्या फोनने निमित्त दिलं."
मी डॉक्टरांचं नाव काढलं. त्यांच्याशी बोलणं झालंय म्हणाली. माझा हात धरला.
"आता ते निमित्त काढून घेऊ नकोस."

१५ फेब्रुवारी
भावजींचा फोन. औषध कुठवर आलं, विचारत होते.
"चाललंय," म्हटलं. आवाज जराही कापला नाही.