तपकिरीची जागा

नाना, जिवंतपणी जळगावला बोलावलं की तुम्ही उन्हाचं कारण सांगून टाळायचात. आता मात्र न बोलावता येता, तेही भर दुपारी, आमच्या कॉलेजच्या सभागृहात. म्हणून लिहायला बसले.

धुळ्याला आमची शिकवणी तुमच्या स्वयंपाकघरात भरायची, कारण बैठकीच्या खोलीत पुस्तकं बसलेली असत आणि माणसांना जागा नसे. अक्का कळण्याची भाकरी थापतायत, तुम्ही पाटावर, मी उंबऱ्याशी. त्या घरात भाजीला नाव ठेवायचं तर आधी भाजीची बाजू घ्यावी लागे. मीठ कमी आहे असं म्हणायचं असेल, तर ते बरोबरच आहे हे आधी इतकं चांगलं मांडायचं की अक्कांनी मान डोलवावी. हाच तुमचा पूर्वपक्ष. समोरच्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा चांगलं सांगायचं आणि मगच आपलं उत्तर. त्या दोन्हींच्या मध्ये तुम्ही 'पण' म्हणायचात आणि थांबायचात. डबी उघडायची, चिमूटभर तपकीर ओढायची, डोळे मिटायचे. तेवढा वेळ आमचा जीव टांगलेला. अक्का म्हणायच्या, "भाकर थंडी व्हई गई, आते जेवा." तरी उत्तर पुरं झाल्याशिवाय घास नाही. मी वादविवाद स्पर्धेची ढाल जिंकून आणली तेव्हा तुम्ही तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत. "त्या मुलाची टिंगल करून जिंकलीस. त्याचं म्हणणं काय होतं ते सांग." मी माझेच मुद्दे पुन्हा म्हणून दाखवले. ढाल अक्कांनी डाळीच्या डब्यावर झाकली. ती तिथं छान बसली.

आता इथली हकिकत. संस्कृतच्या वर्गात हल्ली बाकंच जास्त असतात, त्यामुळे बाई रिकाम्या आहेत असं समजून कॉलेजनं माझ्याकडे आमच्याच संस्थेतली इंजिनिअरिंगची मुलं पाठवली. स्वच्छ तंत्रज्ञानाची एक शिष्यवृत्ती आहे, शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी, आणि ती एकालाच मिळते. परीक्षकांसमोर आपली कल्पना मांडायची. यंत्रं त्यांची, बोलणं मी सुधारायचं. त्यांत असोद्याची एक मुलगी होती. केळीचा घड उतरवल्यावर बांधावर कुजत पडणाऱ्या खोडापासून स्वयंपाकाचा गॅस करायचा, ही तिची कल्पना. वडिलांनी तिला सरळ सांगितलं होतं : मिळाली तर पुढं शिकायला पुण्याला जा, नाही मिळाली तर मेहुण्याच्या खताच्या दुकानात बस. वडील वाईट नाहीत नाना, पूर्वपक्ष त्यांचाही मांडता येईल. धाकटी अजून दोघं शिकायची आहेत.

मी तिला तुमचंच शिकवलं, माझ्याजवळ दुसरं आहे काय? "तुझ्याविरुद्ध सगळ्यात जड मुद्दा कोणता?" ती म्हणाली, "मॅडम, तो कशाला सांगायचा? परीक्षक काढतील की." म्हटलं, "त्यांनी काढला तर तो त्यांचा. तू काढलास तर तुझा." ती हसली. "म्हणजे भांडण आपणच लावायचं." पण तिला ते जमलं, फार लवकर जमलं. सरावाच्या वेळी एकदा ती 'पण' म्हणाली आणि थांबली. मान थोडी खाली, डोळे मिटलेले. या पोरीनं तपकीर कधी पाहिलेली नाही. तुम्ही गेलात तेव्हा ती जन्मलीही नव्हती. मग उमगलं, ते थांबणं ती माझ्याकडून शिकली होती आणि मी तुमच्याकडून. डबी मधल्यामधे गळून गेली होती, तिची जागा तेवढी राहिली होती.

स्पर्धेचा दिवस. प्रत्येकाला वेळ नेमलेला आहे, घंटा झाली की पुढं एक शब्द नाही. घंटा दुसऱ्या एका सरांकडे आहे. एक मिनिट उरलं की पिवळं कार्ड वर करायचं, ते काम माझ्याकडे. आधी आमच्या जळगावातलाच एक मुलगा बोलून जातो. वडील विजेच्या मोटारी रिवाइंड करतात, आणि जुन्या पंख्यांची वीज कशी वाचवायची हे तो नीटनेटकं, वेळेत सांगतो. मग ती उभी राहते. म्हणते, खोडात बहुतेक पाणीच असतं. हे पाणी ट्रॅक्टरनं गॅसच्या टाकीपर्यंत वाहायचं, तर मिळेल त्या गॅसहून जास्त डिझेल जळेल. मग हे तंत्रज्ञान स्वच्छ कसलं? नरडाण्याच्या कारखान्यातले परीक्षक मान डोलवतात, अगदी अक्कांसारखी. ती म्हणते, "पण." आणि थांबते. त्या क्षणी मला सभागृहात तपकिरीचा वास येतो, डबीचं झाकण वाजतं. मी मान वळवून मागची खुर्ची पाहिली, नाना. रिकामी होती.

घंटा झाली.

ती तोंड उघडून तशीच उभी राहिली. परीक्षक हळहळले, पण नियम नियम होता. शिष्यवृत्ती पंखेवाल्या मुलाला मिळाली. बाहेर चहा घेताना तो माझ्याजवळ आला. "मॅडम, तिला मी नाही हरवलं. तिनंच स्वतःला हरवलं, मी फक्त तिथं होतो." ती म्हणाली, "पेढे दे, बडबड नको." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "उत्तर एवढंच होतं, मॅडम. खोड टाकीकडे न्यायचं नाही, टाकीच ट्रॉलीवर ठेवून शेतात न्यायची." घोटभर चहात सांगून झालं. थोड्या वेळानं म्हणाली, "तुमचं कार्ड मला दिसलंच नाही हो. माझंच लक्ष नव्हतं."

मागच्या आठवड्यात नशिराबादला मेहुण्याच्या दुकानात जाऊन आले. ती गल्ल्यामागे बसली होती. एक शेतकरी खत मागत होता आणि ते का घेऊ नये हे ती त्याला समजावत होती, इतकं पटेल असं की तो पिशवी घडी करून निघालाच. मेहुणा कपाळाला हात लावून मला म्हणाला, "मॅडम, हिला काय शिकवलं तुम्ही?" तेवढ्यात ती म्हणाली, "पण." शेतकरी दारात थांबला. मेहुणा थांबला. हमरस्त्यावरून ट्रक जात होते आणि मी पुन्हा तो वास शोधत होते.

कार्ड तिला दिसलं नाही, कारण मी ते वर केलंच नाही. ते माझ्या मांडीवर होतं. विसरले असं म्हणता येईल, पण तसं नव्हतं. घड्याळ मला दिसत होतं. ती 'पण'पर्यंत येत होती; कार्ड दिसलं असतं तर ती तिथं थांबलीच नसती, आणि मला तिथं तुम्हाला ऐकायचं होतं.

तिला हे सांगितलेलं नाही. का सांगू नये, ही बाजू मी भक्कम तयार केली आहे, तुम्हीसुद्धा मान डोलवाल. त्यापुढं 'पण' म्हणते आणि थांबते.