खलबत्त्यातलं भोक

आबा, तुमचा खलबत्ता पुण्याला निघालाय. तुमची नात घेऊन चाललीय, आणि त्यावरून मला तुम्हाला काही सांगायचं आहे. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, तेव्हा घाई कुणालाच नाही. सावकाश सांगते.

तुम्ही जन्मभर उद्यमनगरातल्या फाउंड्रीत वाळूचे साचे केलेत, आणि मी कागलच्या एमआयडीसीत तसल्याच साच्यांतून निघालेले लोखंडी भाग तपासते. तुम्ही ओतायचं आणि मी खोट काढायची, अशी आपली वाटणी. खोट दिसली की लाल रंगाचा फराटा मारायचा, मग तो भाग परत भट्टीत. इतकी वर्षं हेच केल्यावर डोळ्यांना दुसरं काही दिसेनासं होतं. भाकरीचा आधी करपलेला कोपरा दिसतो, लग्नाला गेले की आधी मांडवाचा कललेला खांब दिसतो. घरात मला माझ्या पाठीमागे 'लाल डबा' म्हणतात. मला ते ऐकू येत नाही, असं त्यांना वाटतं.

तर गेल्या महिन्यात शेजारच्या काकूंनी मला जिन्यात अडवलं आणि पोरीच्या नोकरीचे पेढे झकास होते म्हणाल्या. कसली नोकरी आणि कसले पेढे, मला पत्ताच नव्हता. नवऱ्याला माहीत होतं, गडमुडशिंगीच्या माझ्या बहिणीला माहीत होतं, दूधवाल्यालासुद्धा पेढा मिळाला होता. मी नवऱ्याला धरलं, तर तो शांतपणे म्हणाला, "तुला आठ दिसांनी सांगायचं ठरलंतं. तेवढं आठ दिस तरी पोरगी खुशीत राहू दे म्हटलं."

आबा, लागलं मला ते. पोटच्या पोरीनं आनंदाची बातमी आपल्यापासून लपवावी, जशी लहान मुलं फुटलेली बशी लपवतात. त्या रात्री जेवले नाही, आणि कुणी विचारलंही नाही, कारण सगळ्यांना वाटलं, आमटीत काहीतरी खोट निघाली असणार.

तेव्हा तुम्ही आठवलात. मला नोकरी लागून आठवडा झाला होता आणि नवीन विद्या अंगात मावत नव्हती. मी लहान असताना तुम्ही आईसाठी ओतलेला खलबत्ता मी उचलला, आतल्या अंगाचं हरभऱ्याएवढं भोक दाखवलं आणि सांगितलं, की आबा, हा आमच्याकडे पास झाला नसता. आई लसूण सोलता सोलता थांबली. तुम्ही खलबत्ता उजेडात धरलात, आणि मी आपली समोर उभी, नव्या कंपनीचं ओळखपत्र गळ्यात घालून. "व्हय, भोक हाय की," तुम्ही म्हणालात. "पण आरपार न्हाय न्हवं? मग कूट चटणी."

पुढे तुम्ही सगळ्यालाच तीच मोजपट्टी लावलीत. नोकरी करत दिलेल्या परीक्षेत माझा एक विषय राहिला, घराचं छप्पर गळलं, पाहुणे रुसून गेले, तरी तुमचं विचारणं एकच. दवाखान्यात डॉक्टरांनी तुमच्या छातीचा फोटो दाखवला तेव्हाही तुम्ही त्यांना तेच विचारलंत आणि ते बिचारे आमच्या तोंडाकडे बघत बसले.

मग मीही ठरवलं, की कशातही जे धड आहे ते आधी बोलायचं. रविवारी नवऱ्यानं मटण केलं. मी म्हटलं, रश्शाला रंग छान आलाय. त्यानं पळी खाली ठेवली आणि माझं बीपी तपासायला मशीन काढलं. कंपनीत एका जुन्या साचेवाल्याला चांगलं काम झालंय म्हटलं, तर तो तोच भाग तीनदा मोजून परत घेऊन आला आणि म्हणाला, "मॅडम, काय चुकलंय ते सरळ सांगा की." आशावादी माणसाचं कोल्हापुरात कठीण आहे, आबा.

आठव्या दिवशी पोरगी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि तिनं नोकरीचं सांगून टाकलं. माझ्या जिभेवर सगळं रांगेत उभं होतं: गाव लांब, कंपनी नवी, राहायची सोय काय. मी ते गिळलं आणि म्हणाले, "चांगलं झालं."

ती थांबली. "आणि?"

"आणि काय न्हाय."

मग ती ओट्यावर चढून बसली आणि तासभर बोलत राहिली. खोली अंधारी आहे, साहेब तिरसट वाटतो, पहिले सहा महिने कच्चीच नोकरी. सगळ्या खोटी तिनंच काढल्या, मला एकही ठेवली नाही. शेवटी मी विचारलं, "आरपार न्हाय न्हवं?" ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. मग तिनं खलबत्ता मागितला.

काल तो कागदात गुंडाळताना माझं बोट त्या भोकात गेलं. आबा, मी शाळेत होते तेव्हा एका शनिवारी तुमचा डबा घेऊन फाउंड्रीत आले होते, चिरमुरे खात. तुम्ही पाठ वळवलीत आणि मी या खलबत्त्याच्या साच्यात वाकून बघितलं. दोन-चार चिरमुरे आत पडले. काढायला धजले नाही, बोलायलाही नाही. वाळूत काही राहिलं की तापलेल्या लोखंडात ते जळतं, वायू होतो आणि तिथं भोक पडतं, हे मी आता नव्या पोरांना शिकवते. म्हणजे मी आयुष्यात ज्याच्यावर पहिल्यांदा बोट ठेवलं, ती खोट माझीच होती. हे मला तेव्हाही माहीत होतं, ओळखपत्र घालून उभी होते तेव्हासुद्धा. तुम्ही असतात तरी मी हे सांगितलं असतं की नाही, कोण जाणे.

पण त्या शनिवारी साच्याची वरची पेटी बसवण्याआधी तुम्ही आत वाकून बघितलंत, माझ्याकडे बघितलंत आणि माझ्या हातातला चिरमुऱ्यांचा पुडा घेऊन स्वतःच्या खिशात ठेवलात. मग चिरमुरे आत तसेच ठेवून पेटी बसवलीत.