नोकरीचं गाऱ्हाणं

बाबा, आज सकाळी पेज वाटीतच राहिली. चुलीपाशी आम्ही तिघंच होतो. मी, तुमची सून आणि तुम्ही गेल्यावर जन्मलेला तुमचा नातू. कोणी बोलत नव्हतं. तुमच्या वेळीही सकाळी घर असंच गप्प असायचं, पण तेव्हा त्यात बरं वाटायचं. मी घाईने वाटी तोंडाला लावली की तुम्ही एवढंच म्हणायचात, "पेज पळान जाता काय रे?" चांगलं कसं जगावं, याबद्दल त्याहून जास्त तुम्ही काही सांगितल्याचं आठवत नाही.

नातवाला आज गोव्यात औषधांच्या कारखान्यात मुलाखतीला बोलावलं आहे. नोकरी मिळाली तर तिकडेच खोली घेणार. मागे काजूची बाग आणि आम्ही दोघं. चढावर माझे गुडघे आता धरतात. पण म्हणून त्याला थांब कसं म्हणू? निघताना तो म्हणाला, "बाबा, गाऱ्हाणा घाला." तुळशीपुढे नारळ ठेवून मी देवाला हाक मारली, मागणं मागायला लागलो. वाटेत सांभाळ, संध्याकाळी सुखरूप घरी आण. तिथेच थांबलो. दोघं "होय म्हाराजा" म्हणाली. मग तुमची सून हळूच म्हणाली, "नोकरीचा खंय बोललात? देवाक सगळा म्हायत आसा म्हणान अर्ध्यार सोडलात काय?" नातू हसला.

मी म्हापशाला काम शोधायला निघालो तेव्हा तुम्ही याच अंगणात उभे होतात. "बा देवा म्हाराजा, झिलाक नोकरी गावांदे, थयसर तेचो जीव रमांदे." माझ्यासाठी नोकरी इतक्या मोकळेपणी मागितलीत की मला रागच आला. वाटलं, मी गेलो काय नि राहिलो काय, तुम्हाला सारखंच. माझा जीव काही तिथे रमला नाही. परत आलो तेव्हा तुम्ही कारण विचारलं नाहीत, पेजेची वाटी पुढे सरकवलीत.

आज मी पुन्हा हात जोडले आणि नोकरी मागितली. तुमच्यासारखीच, मोठ्याने. तो बांद्याहून गाडी धरायला गेला आहे. घर शांत आहे आणि मी फार दमलो आहे.

एक सांगायचं राहिलं. त्या नोकरीच्या मागण्यावर दोघं "होय म्हाराजा" म्हणत होती, तेव्हा मी मनातल्या मनात देवाला म्हटलं, नको देऊस. तुम्हीही तेव्हा तसंच म्हटलं होतंत का, हे विचारण्यासाठी लिहायला बसलो होतो.