पट्टा बिघडलाय

२ जून, सकाळ
बाबांना दवाखान्यातून घरी आणलं. हृदयाची नळी तुंबली होती, मोकळी केलीय. आता पथ्य आणि व्यायाम सांभाळा, असं व्यायामवाल्या मॅडम म्हणाल्या. कुणाकडे बघून? माझ्याकडे. कॉलेज सोडल्यापासून इतक्या विश्वासाने कुणी पाहिलं नव्हतं. बाबांना ठणठणीत करून तिच्यापुढे उभं करणार, मग लग्नाचं बोलणार. ठरलं.
बाबांच्या मनगटावर तिने पट्टा बांधलाय. नाडी फार वाढली की टीं-टीं वाजतो.

२ जून, दुपार
मीठ बंद. ती 'कमी करा' म्हणाली होती, पण अर्धवट काम माझ्या स्वभावात नाही. बरणी भिंतीवर फोडली. तेलाचा डबा खिडकीतून भिरकावला. खाली कुणाच्या तरी गाडीची काच गेली. गाडीवाला तणतणत वर आला, त्याला लाथ घालून जिन्यावरून खाली पोचवला.
पट्टा वाजला. बाबा तर खुर्चीत बसून होते. म्हणजे पट्टा बिघडलाय.

५ जून
बाबा बेकरीत सापडले! बेकरीवाला बोंबलत होता, अरे, ते ब्राउन ब्रेड घ्यायला आलेत, मॅडमनीच सांगितलाय. असल्या थापा मला? गरम ट्रे तोंडावर हाणला. त्याने लाटण्याने माझी भुवई फोडली. रक्ताचा शर्ट बदललेला नाही. उद्या तिला दिसू दे.
पट्टा दुकानातही वाजला.

६ जून
व्यायामाचा वर्ग. शर्ट बघून मॅडमनी विचारलं, बाबांना कुठे लागलं नाही ना. मनातलं लपवायची रीत असते एकेकीची. मशीनवर चालताना बाबांचा पट्टा गप्प. मी आत शिरून ओरडलो, "बाबा, वेग वाढवा!" लगेच टीं-टीं. मॅडम माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, तुम्ही बाहेर थांबा. लाजली.
थेट खाली गेलो, मशीनं दुरुस्त करणाऱ्या चष्मेवाल्याकडे. तो म्हणे, पट्टा ठीक आहे, तुम्हीच जरा शांत व्हा. मी? शांत? नाकावर एकच ठोसा. चष्म्याचे दोन तुकडे. मॅडमचा दवाखाना असल्या माणसांमुळे बदनाम होतो.

९ जून, संध्याकाळ
बाबा रमतगमत चालत होते. कॉलर धरून पळवलं. एका सायकलवाल्याचा धक्का लागला. त्याची सायकल गटारात, तो माझ्या गुडघ्याखाली. पट्टा नुसता किंचाळत होता. बाबा मागून म्हणत होते, सोड रे त्याला, माझी छाती... मी म्हटलं, एक मिनिट बाबा, होतच आलंय.
वळून पाहिलं तर बाबा रस्त्यावर बसलेले. ओठ निळे.
टॅक्सी सायकलवाल्यानेच थांबवली. त्याच्या तोंडातून रक्त गळत होतं. माझ्या हातांना टॅक्सीचं दारसुद्धा उघडेना.

१० जून
वाचले. आई माझ्याशी बोलत नाही.

१४ जून
बाबा काल घरी आले आणि आज मॅडम आली! घरी! नवा पट्टा घेऊन! शर्ट बदलेपर्यंत मागून चष्मेवाला आला, नाकावर पट्टी. हे माझे मिस्टर, मॅडम म्हणाली.
पट्टा त्याने माझ्या मनगटावर बांधला. भीत भीत, हात लांब धरून. बांधताक्षणी टीं-टीं. मॅडमनी मग माझं ब्लडप्रेशर मोजलं. बाबांपेक्षा जास्त. आता हा वाजला की मी घराबाहेर जायचं, असा हुकूम.
बाबा म्हणाले, थोडं मीठ चालेल, थोडं तेल चालेल, मुलाचं पथ्य मात्र कडक पाळतो बुवा. सगळे हसले. चष्मेवाला नाक धरून हसला.

१४ जून, रात्र
जिन्यात बसून लिहितोय. आत बाबा या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या मारतायत, आईला चिडवतायत. त्यांचा पट्टा गप्प आहे. आई ताट बाहेर ठेवून गेली. सगळं अळणी. माझंच पथ्य. ताट भिरकावायला उचललं, तेवढ्यात माझा पट्टा वाजला. खाली ठेवलं, जरा वेळाने थांबला.
बहुतेक पट्टा ठीक आहे.