खंडेनवमीला काढलेला फ्यूज

मास्तर, काल कुकटपल्लीच्या आपल्या गॅरेजात एक नवी गाडी आली. ऑल व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिनाची ओढ चारही चाकांना जाते तसली. मालक तरुण होता. म्हणाला, मागच्या चाकांची ओढ बंद करून टाका, शहरात काय करायचीय, पेट्रोल तरी वाचेल. एक फ्यूज उपसला की काम होतं हे त्यानं मोबाइलवर पाहिलं होतं. मी त्याला खुर्चीवर बसवून अर्धा तास बोललो. पेट्रोल वाचतं ते नावापुरतं, कारण गाडीखालचं जड सामान तसंच फिरत राहतं. सगळा भार पुढच्या टायरांवर येतो, ओल्या चढावर ते जागीच फिरतात. आणि त्या एका फ्यूजवर आणखी काय काय चालतं हे बघितल्याशिवाय त्याला हात लावू नये. तो हसला. "आप मेकॅनिक हैं कि पंतुलु?" म्हणाला आणि गाडी घेऊन गेला. दुसरीकडे करून घेईल. मला कुणीतरी मास्तर म्हणालं हे तुम्हाला सांगावंसं वाटलं, आणि मग दिवसभर मी मनातल्या मनात तुमच्याशीच बोलत राहिलो.

तेलंगण वेगळं होऊन राज्याची वाटणी झाली त्यानंतरची ती वर्षं. आंध्राकडे नेमलेले सरकारी लोक घरं आवरून विजयवाड्याला निघाले होते, आणि सामानाचा ट्रक दिसला की तुम्ही हातातलं काम थांबवून बघत राहायचात. भाषावार प्रांत झाले तेव्हा तुमचे निम्मे भाऊबंद औरंगाबादला गेले आणि तुमचे वडील इथंच हैद्राबादला जामबागेत राहिले, हे तुम्ही तेव्हा कितीदा तरी सांगितलंत. त्यातल्याच एका वर्षीची खंडेनवमी. दुपारी आपण पाने, हातोड्या, जॅक धुऊन पाटावर मांडले, हळदकुंकू, झेंडूची फुलं वाहिली. उद्याची दसऱ्याची पूजा होईपर्यंत कुणी काही उचलायचं नाही, असं सांगून तुम्ही घरी जेवायला गेलात. मला ते सांगायची गरज नव्हती. गावच्या शाळेतसुद्धा आम्ही त्या दिवशी पाटी पूजेला ठेवून मोकळ्या हातानं घरी यायचो.

तीनच्या सुमाराला आपले जुने गिऱ्हाईक आले, ते इंजिनिअर साहेब. सोबत बायको आणि म्हातारी आई. दुसऱ्या दिवशी दसऱ्याच्या मुहूर्तावर आईला विजयवाड्याच्या नव्या घरात दूध उतू घालवायचं होतं. गाडी मात्र वळताना मागून करकरत होती, मागच्या चाकांना ओढ पोचवणारा क्लच अडकून धरत होता. खरं काम काय ते मला ठाऊक होतं. गाडीखाली झोपायचं, बोल्ट खोलायचे, मधला शाफ्ट उतरवायचा. पण पाने पाटावर आहेत. मी बोनेट उघडतो, फ्यूजच्या डबीचं झाकण काढतो आणि फ्यूज नुसत्या बोटांनी ओढून काढतो. एकाही हत्याराला हात लागत नाही. मागची ओढ तुटते, आवाज थांबतो. मला वाटतं, देवानंच वाट दाखवली. साहेब पाटाला नमस्कार करून निघाले.

संध्याकाळी फोन आला. विजयवाड्याच्या वाटेवर, सूर्यापेटच्या पुढे पाऊस होता. समोरच्या ट्रकनं ब्रेक मारला, साहेबांनीही मारला, तर चाकं जाम होऊन गाडी घसरत डिव्हायडरवर गेली. चाकं जाम होऊ न देणारं ब्रेकचं एबीएसही त्याच फ्यूजवर होतं. आईचं उजवं मनगट मोडलं.

सकाळी मी तुम्हाला सगळं सांगितलं. तुम्ही ओरडला नाहीत. म्हणालात, "कायकू मांडले रे ते पाने तिथं? बघायला?" आणि पूजा होण्याआधीच कुंकू लागलेले पाने टॉवेलात गुंडाळलेत. आपण सूर्यापेटला गेलो. गाडी दवाखान्याच्या आवारात होती, बंपर फुटलेला, पण चालत होती. मी फ्यूज परत बसवला. शाफ्ट काढायला मी झोपणार तर तुम्ही तोच टॉवेल खाली अंथरलात. काम झाल्यावर साहेबांना समजावलंत, आता ओढ पुढच्याच चाकांना आहे, ब्रेक पुरे आहेत, हळू जा, क्लच बदलल्याशिवाय शाफ्ट चढवू नका. तेवढ्यात आई बाहेर आल्या. कुणीतरी त्यांना दसऱ्याचं सोनं म्हणून शमीची पानं दिली होती, त्यातली दोन त्यांनी माझ्यापुढे धरली. तेलुगूत म्हणाल्या, "डाव्या हातानं देते आहे बाबू, वाईट मानू नको." मी पाया पडलो. तुम्ही तोंड फिरवून उभे होतात.

परतताना तुम्ही एवढंच विचारलंत, "फ्यूज काढल्यावर ब्रेकचा दिवा लागला नव्हता?" मी नाही म्हणालो. "हौ," म्हणालात. पुढच्या दसऱ्याला तुम्ही नव्हतात.

लागला होता, मास्तर. पिवळा, स्पीडच्या काट्याच्या शेजारी. साहेबांनी बोट ठेवून विचारलंही होतं, आणि मी म्हणालो होतो, तिकडे बघू नका, दसरा झाला की बघू. तुम्हाला हे तेव्हाच कळलं असावं. हे लिहिलेला कागद देवघरात तुमच्या फोटोपुढे ठेवावा म्हणून दोनदा उठलो. धीर झाला नाही, अजून शर्टाच्या खिशातच आहे.