नकाशात नसलेली खोली

३ जून २०२२, यान्बू

आज स्वतःच्या घरात पहिला चहा केला. कंपनीच्या फ्लॅटमध्ये इतकी वर्षं काढली, पण भिंतीत खिळा ठोकताना नेहमी वाटायचं, हा उद्या आपल्यालाच उपटायचा आहे. आज सिराजने हॉलमध्ये घड्याळासाठी खिळा ठोकला आणि मी उगीचच टाळ्या वाजवल्या. इकरा म्हणाली, "अम्मी, इट्स जस्ट अ नेल!" नऊ वर्षांच्या पोरीला काय सांगायचं.

घर जुन्या यान्बूत आहे, बंदराच्या बाजूला. दुमजली, पिवळट रंगाचं, अंगणात एक बोरीचं झाड. गच्चीवरून एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला लांबवर रिफायनरीच्या ज्वाळा दिसतात. हर्णैच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माझ्यासारखीला आणखी काय हवं?

सिराजच्या कंपनीत एकेक जागा सौदी मुलांकडे जातेय. गेली दोन वर्षं तो ज्या फैसलला शिकवतोय, तोच पुढच्या वर्षी त्याच्या खुर्चीवर बसणार. सिराजला त्याचा राग नाही. पोरगा हुशार आहे, म्हणतो. पण म्हणूनच त्याने धडपड करून कफील, म्हणजे हमी घेणारा सौदी मालक, न लागणारा मोठा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, मिळवला आणि त्यावर हे घर घेतलं. आता कुणी 'खलास, जा' म्हणणार नाही.

लग्नाआधी मी दापोलीला शाळेत मराठी शिकवायचे. हात विसरू नये म्हणून ही रोजनिशी मराठीतच लिहिते.

९ जून

सामान लागलं. आज निवांत बसून गच्चीवरच्या खोलीबद्दल लिहिते, कारण घरात सध्या तिच्यावरूनच वाद चालू आहे.

इथे बऱ्याच घरांना गच्चीवर अशी खोली असते, तिला मुल्हक म्हणतात. आमचीही बरी ऐसपैस आहे, बाजूला छोटी मोरी. फक्त खिडकी विटांनी बुजवलेली आहे आणि लोखंडी दाराला कडी बाहेरून आहे. घोळ असा की ही खोली नकाशात नाही. घराच्या कागदांवर दोनच मजले. बलदियाची, म्हणजे नगरपालिकेची, परवानगी न घेता कुणीतरी ती बांधली. एजंट मुनाफभाई आपल्या म्हसळ्याकडचे, म्हणाले, "वहिनी, अर्ध्या यान्बूच्या गच्च्यांवर हेच आहे. कुणी बघत नाही." सिराज मात्र धास्तावलेला असतो. आपण परके, आपल्या घरात एक वीटही बेकायदा नको, असं त्याचं म्हणणं.

इकराला तीच खोली हवी आहे. मी तिच्या बाजूने. शेवटी सिराजने हात टेकले. परवानगीचं बघतो म्हणाला.

१८ जून

खोलीला आकाशी रंग दिला. इकराचं कपाट आणि गादी वर नेली. ती झोपते खालीच, पण दिवसभर वर असते. एसी बसवला, तो मात्र तिथे चालत नाही. इलेक्ट्रिशियन दोनदा येऊन गेला, वायरिंग ठीक आहे म्हणतो. दुपारी ती खोली भट्टीसारखी तापते. मी इकराला खाली ओढून आणते. ती घामाने निथळत असते, तरी तक्रार नाही.

एक बदल लिहून ठेवते. ही पोर घर डोक्यावर घेणारी. आठवडाभर ती कुजबुजत बोलतेय. घसा बघितला, चांगला आहे. विचारलं तर म्हणाली, "ऐसे ही."

२७ जून

परवानगी मिळणार नाही. इंजिनिअरच्या ऑफिसातून सांगितलं की खोली शेजारच्या हद्दीला फार चिकटून आहे. एक तर पाडा, नाहीतर तपासणी झाली की दंड भरून पाडा. सिराज रात्री जेवला नाही. मी म्हटलं, थांबू या, ईद होऊ दे.

इकराच्या खोलीत पाण्याच्या बाटल्या सापडल्या. मी रोज भरून देते त्या सगळ्या. एकीचंही झाकण उघडलेलं नव्हतं. रागावले तेव्हा अगदी हळू म्हणाली, "शाम को पिएँगे, अम्मी."

कुणी सांगितलं, शाम को? तिने बाटल्या पुन्हा ओळीत लावल्या.

आज सिराज फोनवर विचारत होता, नूरैन, तू इतकं हळू का बोलतेस? माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

५ जुलै

आज जे झालं ते सिराजला नीट सांगता आलं नाही.

दुपारी बेल वाजली. जिन्याच्या खिडकीतून पाहिलं, बलदियाची दोन माणसं फाटकाशी. मी दार उघडायलाच निघाले होते. ओढणी नीट केली, पायरी उतरले, एवढं स्वच्छ आठवतं.

त्यानंतरचं आठवतं ते असं की मी वर मुल्हकमध्ये दाराआड उकिडवी बसले आहे. इकरा माझ्या मांडीत. माझा हात तिच्या तोंडावर. खाली बेल वाजत होती आणि माझं काळीज असं धडधडत होतं, जणू ती माणसं आम्हाला फरफटत नेणार. आम्हाला! ज्यांच्याकडे सगळे कागद आहेत!

माणसं गेली. फाटकावर नोटीस चिकटवून गेली. हात काढला तेव्हा इकराच्या गालावर माझी बोटं उमटली होती. ती घाबरलेली नव्हती. उलट मला थोपटत होती.

१३ जुलै

ईद झाली. शेवया घेऊन शेजारच्या शरफुन्निसाआपांकडे गेले होते. हैदराबादच्या, तीस वर्षं याच गल्लीत. त्यांची गच्ची आमच्या गच्चीला लागून. नोटिशीचं सांगितलं तर म्हणाल्या, बरं झालं, पाडून टाका ती खोली. मग उठायला लागल्या. मी हात धरून बसवलं.

त्यांनी सांगितलं ते असं. ज्या वर्षी कागद नसलेल्या लोकांची धरपकड झाली, तेव्हा या घरात एक हिंदुस्थानी कुटुंब भाड्याने राहायचं. माणसं चांगली. त्यांच्याकडे मुन्नी नावाची, आंध्रातल्या कडप्याची बाई कामाला होती. आधीच्या घरी मारहाण व्हायची म्हणून पळून आलेली, इकामा त्या आधीच्या मालकाकडेच राहिलेला. गल्लीत तपासणी सुरू झाली तशी घरच्या बाईने मुन्नीला वर बसवलं, बाहेरून कडी घातली. म्हणाली, काही झालं तरी आवाज करू नको, संध्याकाळी पाणी घेऊन येते. आणि ती नवऱ्याबरोबर बाहेर गेली. रस्त्यात दोघांना धरलं, त्यांच्याही कागदात काहीतरी खोट होती. तिथून तरहीलमध्ये, म्हणजे परत पाठवायच्या लोकांना ठेवतात तिथे, आणि तिथून विमानात. मुन्नीचं नाव घेतलं तर आपणही अडकू आणि तीही पकडली जाईल, म्हणून कुणी तोंड उघडलं नाही.

मालकाने फार उशिरा घर उघडलं.

आपा रडायला लागल्या. "बेटा, मी रोज गच्चीवर कपडे वाळत घालत होते. मध्ये एवढीशी भिंत. तिने एकदा, एकदा जरी हाक मारली असती!"

तिने मारली नाही. आवाज करू नको म्हणून सांगितलं होतं ना.

१५ जुलै

सिराजला सगळं सांगितलं.  मग दोघं वर गेलो, मुन्नीच्या नावाने फातिहा दिला. तिचा धर्म कोणता, ते मला ठाऊक नाही. मी म्हटलं, दुआ कुणाचीही पोचते. पाण्याचा तांब्या ठेवून आलो. सिराजने खोलीला कुलूप लावलं, किल्ली खिशात घातली.

घर विकून जाऊ या, असं मी म्हटलं. पण मुल्हक असेपर्यंत विकताही येणार नाही, नोटीस लागली आहे. सिराजचं म्हणणं पटलं: विटा आहेत, पाडू, मोकळं होऊ. कंत्राटदाराला दोन ऑगस्टची तारीख दिली.

संध्याकाळी इकरा मोठ्याने हसली. बरं वाटलं.

२३ जुलै

इकराला दवाखान्यात ठेवावं लागलं. सलाइन लावलं. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, मुलीला पाणी का देत नाही? मी! तांदळाची भाकरी, सार, सरबत, सगळं समोर ठेवते. ती तोंड मिटून बसते. ओठ फुटलेत.

रात्री ती झोपेत तेलुगू बोलली. निदान मला तरी तेलुगूच वाटलं. तिला तेलुगू येत नाही.

२६ जुलै

घरी आलो. कुलूप तसंच आहे. सिराजने रजा मागितली, मिळाली नाही. फैसल म्हणाला, मी सांभाळतो, तू अर्धा दिवस निघून जात जा. भला पोरगा.

मुनाफभाईंना फोन केला, तुम्हाला ठाऊक होतं का? ते 'हॅलो, हॅलो' करत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, तुम्ही जरा मोठ्याने बोला ना, ऐकू येत नाही."

मी ओरडत होते.

२९ जुलै

दुपार. बेल वाजली की पाय आपोआप जिन्याकडे. कुलुपापर्यंत जाते. दाराला गाल लावते. दार इतकं तापलेलं, तरी बरं वाटतं. सुरक्षित.

हे लिहिताना कळतंय की हे बरोबर नाही. म्हणून लिहितेय.

मीही सकाळपासून पाणी प्यायले नाही. ग्लास समोर आहे. पण अजून संध्याकाळ—

३१ जुलै

सिराजने दोघींना जबरदस्तीने पाणी पाजलं. माझा जबडा धरून. तो रडत होता. त्याने ठरवलंय, परवा खोली पडली की त्याच संध्याकाळी आम्ही तिघं जेद्दाला त्याच्या मित्राकडे जाणार. बॅगा भरल्या.

एकच भीती. खोली पाडली तर ती कुठे बसेल? बाहेर तर तपासणी—

हे मी लिहिलं? अक्षर माझंच आहे.

२ ऑगस्ट

मजूर आले. सिराजने वर जाऊन कुलूप काढून दिलं. घणाचा पहिला घाव घालायच्या आधी पाणी प्यायला म्हणून सगळे खाली उतरले.

मी फक्त इकराला शोधायला वर—

आतच होती. कोपऱ्यात. हात पुढे केला तिने. मी तिला बाहेर घेऊन जाणार होते. खरंच जाणार होते. ही वही हातात कशी—

कपाट दाराला लागलंय. एकटीने कसं ढकललं? की दोघींनी—

जिन्यावर बूट. पुष्कळ आहेत. आले.

छोटीला पोटाशी धरलंय. तोंडावर हात आहे. शहाणी आहे. आधी हलत होती.

बाई म्हणाल्यात, संध्याकाळी येते. येतील. चांगल्या आहेत.

दार ठोकतायत. लोखंडाने. एक माणूस बाहेर रडतोय, नूरैन, नूरैन म्हणून हाका मारतोय. बिचारा. या नावाचं इथे कुणी नाही.

गप्प राहायचं. गेले की झालं. मी श्वाससुद्धा हळू घेतेय. छोटी तर आता—